शनिवारी साडेचारला

माझ्या मुलाला दहा वर्षं पूर्ण झाली त्या जूनमध्ये मी त्याचं नाव घालायला स्काउट पथकात गेलो. भांडुप पश्चिमेला, स्टेशनपासून पंधरा मिनिटं चढ चढून गेलं की एका शाळेचं छोटं मैदान लागतं. पाऊस नुकताच थांबला होता. चिखलात तेरा मुलं दोन रांगांत उभी होती आणि त्यांच्यासमोर सत्तरीतले एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्कार्फ. त्यांनी शिटी वाजवली. तीन छोट्या, एक लांब. तेरापैकी दोनच मुलं धावत पुढे आली, बाकीची जागची हलली नाहीत.

मला वाटलं, पोरं ऐकत नाहीत. मीटिंग संपल्यावर मी तसं बोललोही. सर म्हणाले, "ती खूण फक्त संघनायकांची. मी दोघांशी बोलतो, ते दोघं बाकीच्यांशी बोलतात. सगळ्यांशी मीच बोलायला लागलो तर तो वर्ग झाला, पथक राहिलं नाही."

ज्यांनी स्काउटिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक मुलगा संघनायक, आणि असे चार संघ मिळून बत्तीसपर्यंत मुलांचं पथक. वय दहा ते सतरा. त्याआधीचे कब, मोठे झाले की रोव्हर. मुलींच्या बाजूला बुलबुल, गाईड, रेंजर. शाळेतली पथकं शाळेचे शिक्षक चालवतात. आमच्यासारखी शाळेबाहेरची खुली पथकं थोडी, आणि ती चालवणाऱ्यांना पगार नसतो, मानधन नसतं, शनिवारची सुट्टीही नसते. सर मूळचे लालबागचे. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, भांडुपला राहायला आले, आणि काही वर्षांत त्यांनी हे पथक काढलं. लाल कापडी पाठीची हजेरीची वही ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणत. एके काळी तिच्यात चार संघ होते. मी गेलो तेव्हा दोन उरले होते, मोर आणि गरुड.

पहिले काही आठवडे मी मुलाला सोडून व्हरांड्यात बसायचो. मग दोरी धरायला लागलो, मग हजेरी लिहायला लागलो. गणपतीनंतरच्या शनिवारी सरांनी वही माझ्या हातात दिली आणि परत मागितलीच नाही. "माझे गुडघे आता मैदानाचे राहिले नाहीत," म्हणाले. "तू बघ."

मी परळच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. शनिवारी साडेचारला मैदानात असायचं तर दर शनिवारी सकाळी साडेसहाची पाळी घ्यावी लागणार होती, म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचं. शिवाय शनिवार हा आमच्या घरात आईच्या डॉक्टरचा, बँकेचा, महिन्याच्या वाणसामानाचा दिवस. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती वर्षं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिने नाही म्हटलं नाही, पण तो प्रश्न तिने मागेही घेतला नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढे मला कळलं की प्रत्येक स्काउटरच्या, म्हणजे पथक चालवणाऱ्याच्या, घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेलेला आहे.

मग पथक चालवणाऱ्यांचा बेसिक कोर्स. सात दिवस निवासी. मी हक्काची रजा टाकली. तिथे मोठ्या माणसांचेही संघ पाडतात, त्यांच्यातूनच संघनायक निवडतात, पहाटे उठवतात, तंबूची तपासणी करतात आणि स्वतःचं ताट स्वतःला घासायला लावतात. माझ्या संघात पाच शिक्षक, एक बँकवाले आणि मी. क्लोव्ह हिच ही गाठ मला चौथ्या दिवशी डोळे मिटून जमली. खरी शिकवण गाठींची नव्हतीच. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला संघनायकाने 'पाणी तुम्ही आणा' म्हटल्यावर मनात काय होतं, ते मी स्वतः अनुभवलं. दहा वर्षांच्या मुलाला काय होत असेल ते त्यानंतर समजायला लागलं.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही. पथकाची नोंदणी, नूतनीकरण, माझं वॉरंट म्हणजे पथक चालवण्याचं अधिकारपत्र, पालकांची संमतिपत्रं, मुलांची वैद्यकीय माहिती. एका गोष्टीवर मात्र थांबतो. पालकांच्या पहिल्या सभेत मी उभं राहून सांगितलं की आमच्या पथकात कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही. खोलीत नाही, तंबूत नाही, रिक्षात नाही. कार्यक्रमाला नेहमी किमान दोन मोठी माणसं असतील, मोठ्यांचे तंबू वेगळे असतील. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, जागतिक स्काउट संघटनेचंही मुलांच्या सुरक्षिततेचं स्वतंत्र धोरण आहे, पण सभेत मी कायद्याचं नाव शेवटी घेतलं. आधी एवढंच म्हटलं की हा नियम माझ्यासाठीही आहे, आणि मी तो मोडताना दिसलो तर मुलाने घरी सांगायचं आणि तुम्ही मला विचारायचं. एक वडील सभेनंतर जवळ आले. म्हणाले, "सर, तुमच्यावर विश्वास आहे हो आमचा." मी त्यांना सांगितलं की विश्वास असला तरी विचारा. हे बोलताना मला अवघडल्यासारखं झालं होतं. दर वर्षी होतं. तरी दर वर्षी बोलतो.

याच काळात माझी बाकीच्या स्काउटरांशी ओळख झाली. महिन्यातून एकदा मीटिंग असली की शिवाजी पार्कला स्काउट हॉलकडे जायचं, आणि मीटिंग संपली की बाहेर कटिंग घेत आणखी तासभर उभं राहायचं. मी जे शिकलो त्यातलं अर्धं त्या कट्ट्यावर शिकलो. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नाही, गावाने मारतो. घाटकोपरचे सर, वरळीच्या मॅडम, रेल्वेवाले सर. रेल्वेवाले सर म्हणजे रेल्वेच्या पथकाचे. भारत स्काउट्स आणि गाईड्स या आमच्या संघटनेत मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे ही स्वतंत्र राज्यंच धरली जातात. भेटल्यावर डावा हात पुढे येतो, आणि मग बोलणं थेट मुद्द्यावर.

मुद्दे ठरलेले. पहिला, नववी. घाटकोपरचे सर दर वेळी सांगतात, "आठवीपर्यंत पोरगं आपलं असतं. नववीला क्लास लागला की शनिवार गेला." तृतीय सोपान या पायरीपर्यंत आलेला, राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराला बसवण्याजोगा मुलगा नेमका तेव्हाच सुटतो, आणि नेमका तोच संघनायक असतो. दुसरा मुद्दा, प्रमाणपत्रासाठी येणारे पालक. तिसरा, जागा. माझ्या माहितीतल्या एका शाळेने वीस वर्षं दिलेलं मैदान एका पत्राने काढून घेतलं. शाळेचं नाव घेत नाही. ते पथक आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरतं आणि गाड्या परत यायला लागल्या की मीटिंग संपते.

गणवेशाचा विषय निघाला तेव्हा वरळीच्या मॅडम जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही. त्या गाईड कॅप्टन आहेत. "मुली वर्षात दोन-दोन इंच उंच होतात. पालक दुसऱ्यांदा शिवत नाहीत, आणि मुलगी आखूड गणवेश घालून यायला लाजते, मग येतच नाही. मी जुने गोळा करते, घरी धुते, कॉलरच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेलं नाव असतं ना, तेवढी पट्टी उसवून नवी लावते. कुणाचा जुना आहे ते कळता कामा नये." त्यांच्याकडे अशा गणवेशांची एक बॅग आहे, मापांप्रमाणे लावलेली. मी पुढच्याच महिन्यात आमच्या पथकाची तशी बॅग सुरू केली. स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, सात जोड. आज तेवीस आहेत.

सगळ्यात लांबलेली चर्चा होती ती रात्री रडणाऱ्या मुलाची. शिबिराच्या पहिल्या रात्री कोणीतरी रडतंच. फोन लावून द्यायचा का? रेल्वेवाले सर म्हणाले, द्यावा, मूल आहे ते. घाटकोपरचे सर म्हणाले, आवाज ऐकला की रडणं दुप्पट होतं आणि रात्री बाराला बाप गाडी काढून निघतो. मॅडमचं म्हणणं निराळंच होतं. फोनचा निर्णय रात्री घ्यायचाच नाही. निघायच्या आधी पालकांना सांगून ठेवायचं की रोज दुपारी माझा निरोप येईल, मुलाचा फोन येणार नाही. आणि रडणाऱ्या मुलाला काम द्यायचं. "उद्याच्या चुलीची लाकडं मोजायला बसवते मी. चाळीस मोजायच्या आत मुलगी झोपते." गादी ओली करणाऱ्या मुलांचंही त्यांनीच सांगितलं. पालकांना एकेकटं गाठून विचारायचं, जास्तीची चादर आपल्या पिशवीत ठेवायची, अकरा वाजता 'पाणी प्यायला चला' म्हणून दोन-तीन जणांना एकदम उठवायचं. एकट्यालाच उठवलं तर बाकीच्यांना कळतं.

या सगळ्यानंतर शेवटी कोणीतरी विचारतं, "तुमच्यानंतर कोण?" तेव्हा सगळे कपातला चहा बघतात.

पथक हळूहळू वाढलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिसरा संघ झाला, वाघ. मुलांनी ते नाव मत देऊन निवडलं. आमच्या वस्तीला लागून राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून असते, तेव्हा वाद बिबट्या की वाघ एवढाच होता. दिवाळीनंतर आम्ही बोरीवलीच्या बाजूने कान्हेरीला हाइक नेली. मी दर दहा मिनिटांनी माना मोजत होतो. लेण्यांपाशी पोहोचल्यावर सरांनी मला पाण्याच्या एका कोरीव टाक्याजवळ बसवलं आणि म्हणाले, "तू एकवीस मोजतोस. नायक सात मोजतो. चूक कोणाची आधी होईल?" परतताना मी तिघांनाच विचारत आलो. सोपं नव्हतं. गप्प बसलो तरी मनातल्या मनात मोजत होतो.

आणि मग जानेवारीत पहिलं तीन दिवसांचं शिबिर, कर्जतच्या पुढे एका गावातल्या शाळेच्या मैदानावर. एकवीस मुलं, तीन संघ. मोठ्यांमध्ये मी, सर, आमच्याच पथकात वाढलेला एकोणीस वर्षांचा एक रोव्हर आणि एका स्काउटचे वडील. ते रुग्णालयात ब्रदर आहेत, त्यामुळे प्रथमोपचाराची पेटी त्यांच्याकडे. भांडुपहून ठाणे, ठाण्याहून कर्जत लोकल. सहा-सहा फुटांचे बारा बांबू, काथ्याची बंडलं आणि पातेली लगेजच्या डब्यात. पहाटेच्या त्या डब्यात टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींनी बांबूंना जागा करून दिली आणि उतरेपर्यंत पोरांना गाठींबद्दल विचारत राहिल्या. एका मावशीने टोपलीच्या दोरीची तिची गाठ दाखवली. ती शीट बेंडच होती, नाव फक्त तिला माहीत नव्हतं.

आमच्या पथकात डोंगरावरच्या बैठ्या घरांतली मुलं आहेत आणि लाल बहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधलीही आहेत. शनिवारच्या दोन तासांत ते फारसं जाणवत नाही. शिबिरात जाणवतं. कोणाला काडी पेटवता येत नव्हती, कोणाला झोपताना पंख्याचा आवाज हवा होता, तर कोणी घरून आलेला खाऊ पहिल्यांदाच एवढा एकत्र बघत होतं. खाऊ मी संघांच्या डब्यांत जमा करायला लावला. पहिल्या रात्री शेकोटीपाशी सरांनी १९०७ च्या ऑगस्टमधल्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिराची गोष्ट सांगितली. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी विसेक मुलं नेली होती, निम्मी श्रीमंतांच्या निवासी शाळांतली आणि निम्मी बोर्नमथ आणि पूलच्या कामकरी घरांतली, आणि त्यांचे लांडगा, बैल, आणि कर्ल्यू व रेव्हन हे पक्षी, असे मिसळून चार संघ केले होते. मुलांना बोलावायला कुडू हरणाचं शिंग फुंकायचे. आमच्या एका मुलाने विचारलं, "श्रीमंत मुलं भांडी घासायची का?" सर म्हणाले, "संघात होती ना? मग घासायचीच."

प्रत्येक संघाने आपली चूल आपण मांडायची आणि आपला स्वयंपाक आपण करायचा. सात जणांना सातशे ग्रॅम तांदूळ, तीनशे ग्रॅम मुगाची डाळ, कांदे, बटाटे, तेल, मीठ मी मोजून दिलं. पातेल्याला बाहेरून मातीचा लेप दिला की काजळी सहज निघते, एवढंच सांगितलं. वाघ संघाने जाळ मोठा केला आणि खिचडी खालून करपली. मी उठायला लागलो तर सरांनी माझा हात धरून खाली बसवलं. मुलांनी वरची खाल्ली, खालची खरवडायला त्यांना पाऊण तास लागला, आणि दुसऱ्या दिवशीची खिचडी तिन्ही संघांत त्यांची चांगली झाली. इथपर्यंत मी गप्प बसायला शिकलो असं मला वाटत होतं.

ज्याबद्दल हे सगळं लिहितोय ते त्या पहिल्याच रात्री घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. प्रत्येक संघाने बांबूची एक वस्तू करायची होती. वाघ संघाने ताटं ठेवायची मांडणी केली होती. चौकोनी लॅशिंगमध्ये, म्हणजे दोन बांबू काटकोनात बांधताना, आधी उभ्या बांबूला क्लोव्ह हिच, मग आडव्या-उभ्यावरून तीन वेढे, मग दोन बांबूंच्या मधून दोन-तीन आवळफेरे आणि शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. यांनी आवळफेरे घातलेच नव्हते. मांडणी झुलत होती. रात्री अकराला फेरी मारताना मी ती हलवून बघितली. वाघ संघात सगळ्यात लहान मुलं होती, दिवसा खिचडी करपली होती, दोघं जण रडून झोपले होते, आणि माझा स्वतःचा मुलगा त्याच संघात होता. मी टॉर्च दातांत धरला आणि चारही सांध्यांचं लॅशिंग सोडून नव्याने बांधलं. वीस मिनिटं लागली. मनात म्हटलं, पोरांना एक दिवस तरी बरा जाऊ दे.

सकाळी सरांनी आणि ब्रदरनी तपासणी केली. वाघ संघाला मांडणीसाठी दहापैकी नऊ मिळाले. टाळ्या झाल्या. नाश्त्याच्या वेळी वाघ संघाचा नायक माझ्यापुढे येऊन उभा राहिला. चौदा वर्षांचा, तसा कमी बोलणारा मुलगा.

"सर, ते आमचं नाही."

"काय?"

"आम्ही मधले फेरे घातले नव्हते. मला येतच नाहीत ते. कोणीतरी बांधलंय."

मी खोटं बोललो नाही, एवढं तरी माझ्या हातून झालं. म्हटलं, मी बांधलं. तो थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग नऊ कापा, सर." आणि जाता जाता, मागे न बघता, "आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही केलं असतं."

मला त्या क्षणी सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. तो रागावला नव्हता. त्याने मला समजून घेतलं होतं, आणि माझ्यासमोरून वळताना त्याचे खांदे पडले होते. त्याच्या संघाला जमणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं आणि ते त्याला कळलं होतं.

मी सरांना सांगितलं. सरांनी रोव्हरला शिटी वाजवायला सांगितली. तीन छोट्या, एक लांब. तिन्ही संघनायक आले आणि मानसभा बसली, म्हणजे आमचं कोर्ट ऑफ ऑनर. नियमाप्रमाणे मी फक्त सल्लागार म्हणून बसलो आणि आधी माझी बाजू सांगितली. पाच मिनिटं ते तिघं आपसात बोलले. ठरलं ते असं: नऊ गुण रद्द. लॅशिंग सोडायचं. मोर संघाने वाघ संघाला आवळफेरे शिकवायचे, वाघ संघाने संध्याकाळपर्यंत स्वतः बांधायचं, आणि पुन्हा तपासणी. मग गरुडचा नायक अडखळत म्हणाला, "सर, अजून एक लिहायचं का? रात्री दुसऱ्या संघाच्या सामानाला हात लावायचा नाही." थांबला. "मोठ्यांनी पण."

मी लिहिलं. सभेच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे ते.

संध्याकाळी त्यांना सहा मिळाले. एक सांधा अजून हलत होता. मांडणीवर ताटं लावून वाघ संघाने तिच्यासमोर फोटो काढून घेतला. मला बोलावलं नाही. रोव्हरने काढला.

सर त्या दिवशी मला काही बोलले नाहीत. रात्री एका मुलाने त्यांच्या गळ्यातल्या दोन लाकडी मण्यांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी स्काउटरांच्या प्रशिक्षणात मिळणाऱ्या हिमालय वुड बॅजची माहिती सांगितली. १९१९ मध्ये गिलवेल पार्कला स्काउटमास्तरांचा पहिला कोर्स झाला, आणि बेडन-पॉवेलना आफ्रिकेत मिळालेल्या डिनिझुलू या झुलू राजाच्या माळेतले मणी तेव्हा दिले गेले. आताचे मणी त्यांच्यासारखे घडवलेले. "हे मिळाले म्हणजे तुम्हाला सगळं येतं?" मुलाने विचारलं. "नाही. मला शिकायचं आहे, असं मी कबूल केलं त्याचे आहेत," सर म्हणाले. बोलताना ते मुलाकडेच बघत होते.

पुढच्या महिन्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी हे सगळं सांगितलं. सांगावं की नाही, असा विचार लोकलमध्ये बराच केला होता. सांगून झाल्यावर घाटकोपरचे सर म्हणाले की त्यांनी एकदा राज्य पुरस्काराच्या मुलाची नोंदवही रात्रभर जागून नीट केली होती. तो मुलगा पास झाला आणि परत कधी पथकात आला नाही. रेल्वेवाले सरांनी तंबूचे खुंटे ठोकले होते. वरळीच्या मॅडमनी स्वतःच्या मुलीचं शिवणकाम केलं होतं. "आपलं पोर त्याच पथकात असलं की हे होतंच," त्या म्हणाल्या. "मी तिला दुसऱ्या कॅप्टनकडे पाठवलं." मी मुलाला हलवलं नाही. पण त्याच्या संघाची तपासणी मी त्यानंतर कधीच केलेली नाही, ती ब्रदर करतात.

मार्चअखेर सर गावी, गुहागरच्या बाजूला, कायमचे राहायला गेले. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या शनिवारी त्यांनी माग काढायचा खेळ घेतला. दगडांचे बाण, फुल्या, पाण्याची खूण. शेवटचा बाण शाळेच्या गेटपाशी संपत होता आणि तिथे मातीत काठीने काढलेलं एक वर्तुळ होतं, मध्ये ठिपका. मोरचा नायक धावत आला, थबकला, आणि मागच्यांना हाताने थांबवलं. ती खूण 'मी घरी गेलो' अशी आहे. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलच्या समाधीच्या दगडावरही तीच कोरलेली आहे. मला ती ओळखायला क्षणभर जास्त लागला. तोपर्यंत सर चढ उतरून वळणापर्यंत गेले होते, आणि मुलं त्या वर्तुळाभोवती उभी होती, त्यावर कोणी पाय ठेवत नव्हतं.

एप्रिल-मे सुट्टी. जूनमध्ये चौथा संघ सुरू केला. त्याचं नाव त्यांनी अजून ठरवलेलं नाही, सध्या दोन मतं कमी पडतात.

परवाच्या शनिवारी प्रयोगशाळेतलं एक यंत्र बंद पडलं आणि मला निघायलाच तीन वाजले. सायनजवळ रुळांवर पाणी. दादरला गाडी अर्धा तास उभी होती. इतक्या वर्षांत सरांचा साडेचारचा शनिवार चुकलेला नव्हता, आणि माझ्या वहीत तो चुकणार होता. रोव्हर आणि ब्रदर मैदानात आहेत एवढं फोनवर कळलं होतं, पण नंतर फोनही लागेना. भांडुपला उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. चढावरून पाणी पायऱ्यांवरून यावं तसं खाली येत होतं. मला वाटत होतं, मुलं व्हरांड्यात वाट बघत बसली असतील, किंवा घरी गेली असतील.

शाळेच्या भिंतीपाशी आलो आणि पलीकडून शिटी ऐकू आली. तीन छोट्या, एक लांब.

मी गेटबाहेरच थांबलो. मैदानाच्या मधोमध वाघ संघाचा नायक उभा होता, गळ्यात शिटी. आता तो पंधरा वर्षांचा आहे, पथकातला सगळ्यात मोठा. कोपऱ्यांतून दोन मुलं आणि नव्या संघाचं एक अगदी लहान पोरगं, टोपी हाताने धरून, चिखलातून धावत त्याच्याकडे गेली. बाकीची जागची हलली नाहीत. व्हरांड्यात ब्रदर दोरी गुंडाळत बसले होते, रोव्हरच्या मांडीवर हजेरीची वही होती. त्याने मला बघितलं आणि उठायला लागला. मी त्याला हाताने बस म्हटलं आणि छत्री मिटली.